पट्ट्यावर आढळलेल्या ताणाबाबत

मसुद्यांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिले नव्हते, आणि ते पत्र गेले पाच आठवडे टेबलाच्या काचेखालून त्यांच्याकडे बघत होते.

मसुदे हे त्यांचे खरे आडनाव नव्हे. एकतीस वर्षे एका सुरक्षा खात्यात बसून त्यांनी सूचना, परिपत्रके आणि इशारे यांचे मसुदे लिहिले. कुणीतरी गमतीने 'मसुदे' म्हणाले आणि ते असे चिकटले, की दारावरच्या पाटीवर खरे आडनाव वाचून नवा टपालवाला पत्रे परत नेऊ लागला. शेवटी त्यांनी पाटीच बदलली. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर, हा त्यांचा शिरस्ता. एखाद्या दुकानाने छापील शुभेच्छा पाठवल्या, तरी 'शुभेच्छा सुस्थितीत पोचल्या' असे ते उलट टपाली कळवीत.

या पत्राला तर एवढेही लिहायचे नव्हते. एका शब्दावर एक रेघ मारायची होती. पत्र असे होते :

'आपल्या घरी गरम-थंड हवेचे यंत्र बसवणाऱ्या कारागिराने परत जमा केलेल्या सुरक्षा पट्ट्यावर ताण पडल्याच्या खुणा आढळून आल्या आहेत. सदर पट्टा छायाचित्राव्यतिरिक्त अन्य कारणासाठी वापरण्यात आला होता काय? होय / नाही. जे लागू नसेल ते खोडावे. आपले उत्तर प्राप्त होईपर्यंत सदर कारागिरास, सुरक्षेच्या कारणास्तव, काम देण्यात येणार नाही.'

खाली कंपनीच्या सुरक्षित बसवणूक कक्षाचा शिक्का होता. शिक्का सरळ मारला होता. मसुद्यांना पहिल्या दिवशी त्याचेच कौतुक वाटले. कौतुक ओसरल्यावर त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि पत्र उत्तराविना काचेखाली सरकवले.

प्रकरणाची सुरुवात अगदी साधी होती. काकूंना, म्हणजे मसुद्यांच्या पत्नीला, दम्याचा त्रास होता. डॉक्टरांनी सांगितले, की खोलीत उकाडा नको आणि गारठाही नको. बाराही महिने हवा सारखी पाहिजे. तेव्हा उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम हवा सोडणारे, एक भाग घरात आणि एक भाग घराबाहेर बसणारे यंत्र घेण्याचे ठरले. यंत्रासोबत 'सुरक्षित बसवणुकीच्या एकेचाळीस सूचना' नावाची पुस्तिका आली. मसुद्यांनी ती दोनदा वाचली. तिसऱ्या पानावर त्यांना थांबावे लागले. तिथली वाक्ये त्यांची स्वतःची होती. खात्याच्या एका जुन्या परिपत्रकातून कंपनीने ती स्वल्पविरामासकट उचलली होती. आपले लेखन जगात कुणीतरी वाचते, हे कळून त्यांचा ऊर भरून आला.

"तुमचं आहे? मग जरा जपूनच," काकू म्हणाल्या.

ठरल्या दिवशी मेकॅनिक आला. चाळिशीतला, खांद्यांनी रुंद, बोलण्यात घाई नसलेला माणूस. चार मजले सामान वर आणून त्याने आधी खोली पाहिली, भिंतीवर बोटाने टकटक केली, यंत्राची वायर कुठल्या बटणापर्यंत न्यायची ते पाहिले, अर्थिंग तपासले आणि "काम सोपं आहे" असे जाहीर केले. मग त्याने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक पिवळाधमक पट्टा काढला, खांद्यांवरून आणि मांड्यांभोवतून चढवला, कमरेला बकल लावले आणि मोबाईल काकूंच्या हातात दिला.

"काकू, एक फोटो काढता? फक्त फ्रीज येऊ देऊ नका."

"फ्रीजनं काय केलंय?"

"फ्रीज दिसला की मी घरात उभा आहे हे कळतं. मागं खिडकी घ्या. आकाश दिसलं पाहिजे."

काकूंनी आकाशासकट फोटो काढला. मेकॅनिकने तो कंपनीला पाठवला. कंपनीकडून हिरवी खूण आली. मग त्याने पट्टा उतरवला, घडी घातली, प्लॅस्टिकमध्ये ठेवला आणि ड्रिल हातात घेऊन तो खिडकीकडे निघाला.

मसुदे संकोची माणूस. नोकरीत त्यांनी कुणाला तोंडी काही सांगितलेच नव्हते. जे सांगायचे ते कागदावर. पण इथे त्यांना राहवले नाही.

"अहो, आता तर तुम्ही बाहेर जाणार ना?"

"हो."

"मग पट्टा?"

"झाला ना फोटो."

मसुद्यांना आपलेच काहीतरी चुकले असे वाटले. बहुतेक वेळा तसेच वाटे. तरी त्यांनी चाचरत विचारले, की पट्टा फोटोनंतर घालायचा असतो, असे काही पुस्तिकेत आहे काय? मेकॅनिकने शांतपणे समजावले. आमच्या दुकानात माणसे सहा आणि पट्टा एक. तो बाकीच्यांच्याही फोटोसाठी लागतो. शिवाय पट्टा दर महिन्याला तपासतात. त्यावर ओरखडा दिसला, धागा ताणलेला दिसला, तर तो बाद. बाद झाला की नवा येईपर्यंत सहाजणांचे फोटो बंद, आणि फोटो बंद म्हणजे काम बंद.

"म्हणजे पट्टा वापरला की तो सुरक्षित राहत नाही?" काकूंनी विचारले.

"बरोबर, काकू. तुम्हाला पटकन कळलं. आम्हाला दोन दिवस ट्रेनिंग दिलं होतं."

मसुद्यांच्या डोळ्यांसमोर पुस्तिकेचे तिसरे पान आले. 'उंचीवरील काम पट्टा बांधल्याशिवाय करू नये.' हे त्यांनीच लिहिले होते. या माणसाला आपण तसेच बाहेर जाऊ दिले, तर ते वाक्य कशासाठी लिहिले? ते खिडकीसमोर जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाच्या वाटेत आडवे आले होते.

"पट्टा बांधा. नाहीतर मी... मला हे काम करून घेता येणार नाही."

मेकॅनिकने पट्टा पुन्हा काढला, चढवला, आणि दोन मीटरचा मोकळा बंद हातात धरून विचारले, "हे टोक कुठं बांधू, काका?"

पुस्तिका उघडण्यात आली. तिथे लिहिले होते : 'पट्ट्याचे दुसरे टोक सक्षम आधारास बांधावे.'

"सक्षम आधार म्हणजे काय?"

ते शब्द मसुद्यांना चांगले आठवत होते. वीस वर्षांपूर्वीची दुपार होती. आधी त्यांनी 'भक्कम लोखंडी कडी' असे लिहिले होते; पण वरिष्ठ म्हणाले, की कडी म्हटले की ती कुणी बसवायची असा प्रश्न येतो. म्हणून 'सक्षम आधार'. त्यावर एकाही माणसाने, एकाही खात्याने, वीस वर्षांत शंका विचारली नव्हती. हा पहिलाच.

मग सक्षम आधाराचा शोध सुरू झाला. बाजूच्या छोट्या खिडकीचे गज हलवून पाहिले. त्यातला एक हातात आला. दरवाजाची कडी पाहिली. ती दरवाजापेक्षा जुनी होती. पलंगाला बांधून मेकॅनिकने जोर लावला, तर पलंग आज्ञाधारकपणे त्याच्या मागे चालू लागला. घरातली एकच वस्तू जागची हलत नव्हती : मसुद्यांनी जपून ठेवलेल्या एकतीस वर्षांच्या परिपत्रकांचे लोखंडी कपाट. पण ते आतल्या खोलीत होते आणि बंद तिथपर्यंत पोचत नव्हता.

इमारतीच्या सेक्रेटरींना बोलावले. त्यांनी परिस्थिती लक्षपूर्वक ऐकून घेतली.

"भिंतीत कडी ठोकायची म्हणता? भिंत आतून तुमची आहे. बाहेरून सगळ्यांची. कडी आत किती जाणार?"

"चार इंच," मेकॅनिक म्हणाला.

"मग ती सगळ्यांच्यात शिरते. सभेत विषय ठेवावा लागेल."

"सभा कधी आहे?"

"झाली की. गेल्या महिन्यात." सेक्रेटरी जाता जाता थांबले. "आणि मसुदे, हा माणूस पडलाच तर फाटकाच्या बाजूला नको. तिथं गाड्या असतात."

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथल्या ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितले, की सक्षम आधार उपलब्ध करून देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे आणि मान्य असल्यास एक दाबावा. मान्य नसल्यास काय दाबावे ते सांगितले नाही. मसुद्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि एक दाबला.

अशा रीतीने जबाबदारी निश्चित झाल्यावर मार्ग एकच उरला. मसुदे खिडकीखाली जमिनीवर बसले, दोन्ही पाय भिंतीला टेकवले आणि पट्ट्याचे टोक स्वतःच्या कमरेला बांधून घेतले. त्यांचे वजन चोपन्न किलो होते. मेकॅनिकचे ब्याऐंशी.

"काका, असं नका करू. मी एकटा जायचा तो तुमच्यासकट जाईन."

"मग जपून काम करा," मसुदे म्हणाले. याहून चांगला मसुदा त्यांना सुचला नाही.

काकू दोघांकडे बघत होत्या. त्यांनी खुर्ची ओढली, नवऱ्याच्या पाठीशी बसल्या आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर दोन्ही मुठींत घट्ट पकडली.

"तू कशाला? तुला धाप लागेल."

"अडतीस वर्षं हेच करतेय मी. बसा गुपचूप."

मेकॅनिक खिडकीतून बाहेर उतरला आणि खालच्या मजल्याच्या चिंचोळ्या छज्ज्यावर उभा राहिला. खिडकीच्या चौकटीत त्याचे फक्त डोके आणि हात दिसत होते. काम मात्र पाहण्यासारखे होते. पाइपचे भोक त्याने आतूनच पाडले होते, तेही बाहेरच्या अंगाला किंचित उतरते, म्हणजे पाणी घरात येणार नाही. ब्रॅकेटची जागा त्याने लेव्हल लावून तीनदा तपासली. एवढ्या उंचीवर, एका हाताने भिंत धरून, तो रेघ सरळ आली की नाही ते बघत होता. मसुद्यांना शरमल्यासारखे झाले. आपण टेबलावर बसून मारलेल्या रेघासुद्धा इतक्या सरळ नव्हत्या.

तिसरा बोल्ट आवळताना छज्ज्याचा एक टवका निखळला.

मेकॅनिकचे डोके चौकटीतून नाहीसे झाले. बंद ताडकन ताणला गेला. मसुदे जागेवरून उचलले गेले, त्यांचे कपाळ खिडकीच्या कट्ट्यावर आदळले आणि खांदे चौकटीत अडकले. मागे कॉलर टर्रकन फाटली. काकूंनी कॉलर टाकून कंबर धरली. तीनएक क्षण सगळे घर एका पट्ट्यावर तोलले होते. मग बाहेर बूट भिंतीला घासल्याचा आवाज आला, ब्रॅकेट धरलेला एक हात दिसला, आणि डोके वर आले.

"काका, आहात ना?"

"आहे."

"मग ठीक." आणि त्याने चौथा बोल्ट आवळायला घेतला.

दुपारी यंत्र सुरू झाले. थंड हवेची पहिली झुळूक काकूंच्या तोंडावर आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मेकॅनिक म्हणाला, "सोळा वर्षांत कुणी मला धरलं नव्हतं," आणि लगेच पुढे काही बोलायला नको म्हणून फिल्टर कसा धुवायचा ते समजावू लागला. जाताना त्याने पट्टा घडी करून प्लॅस्टिकमध्ये ठेवला. घडी नीट बसेना. कमरेजवळची शिवण उसवली होती आणि आतले धागे बाहेर आले होते.

नवव्या दिवशी ते पत्र आले.

मसुद्यांनी आधी फोन करून पाहिला. सुरक्षित बसवणूक कक्षातले तपासनीस अत्यंत सौजन्याने बोलले.

"पट्टा बांधला होता, कारण ते बाहेर चार मजल्यांवर होते," मसुद्यांनी सांगितले.

"पण फोटो त्याआधीच मिळाला होता आम्हाला. मग पुन्हा बांधायची गरज का पडली?"

"ते पडले असते हो!"

"ते आमच्याकडे येत नाही. आम्ही पट्ट्यांचं बघतो. काका, तीन वर्षांत आम्ही अकरा हजार यंत्रं बसवली. एकाही पट्ट्यावर ओरखडा नाही. त्यासाठी आम्हाला ढाल मिळाली आहे. तुमच्या घरी पहिला डाग लागला."

"तीन वर्षांत कुणी पडलं नाही?"

"दोघं पडले. पण त्यांचे पट्टे नव्यासारखे होते. उपकरणात दोष नव्हता, हे त्यावरूनच तर सिद्ध झालं." तपासनीस आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही रेघ मारा आणि पाठवून द्या. इतका विचार कुणी करत नाही."

मसुद्यांनी पेन उघडले आणि मिटले. 'नाही' खोडून 'होय' ठेवावे, तर ज्या माणसाला आपणच हट्टाने पट्टा बांधायला लावला, त्याचीच नोकरी आपण घालवणार. 'होय' खोडून 'नाही' ठेवावे, तर ते धडधडीत खोटे. पाच आठवडे ते खोटे-खरे करत बसले, तेही यंत्राखाली, सुखद हवेत. आणि तिकडे तो माणूस, सुरक्षेच्या कारणास्तव, घरी बसून होता.

"मारा ना एकदाची रेघ," काकू म्हणाल्या.

"खोटं लिहू?"

"वीस वर्षांपूर्वी तुम्ही 'सक्षम आधारास बांधावे' लिहिलंत. ते खरं होतं?"

मसुद्यांना तोंडात मारल्यासारखे झाले. त्याच दिवशी संध्याकाळी मेकॅनिक स्वतः आला. आल्या आल्या त्याने मान तिरकी करून यंत्राचा आवाज ऐकला.

"आवाज बरोबर आहे. पाणी बाहेरच पडतंय ना, काकू?"

"बाहेरच पडतंय. तू बस आधी. काय चाललंय घरी?"

"घरातले सगळे पंखे दुरुस्त केले. आता चांगले चालणारे उघडतोय. बायको म्हणते, हात बांधून बसलास तरी चालेल, पण मिक्सरला हात लावू नको." तो हसला. "काका, 'नाही' लिहा. तुमच्या पाया पडतो."

"'होय' लिहिलं तर?"

"उपकरणाचं नुकसान केलं म्हणून नाव कटेल. सोळा वर्षं गेली."

"आणि 'नाही' लिहिलं तर?"

"उद्याच्या उद्या कामावर."

"आणि पट्टा?"

"पट्टा चांगला ठरेल. पुन्हा पिशवीत."

मसुदे उठून उभे राहिले. "अहो, पण तो उसवलाय! मी स्वतः धागे पाहिलेत. पुढच्या वेळी कुणी त्यावर भरवसा ठेवला तर तो तुटेल."

"फोटोत धागे दिसत नाहीत, काका."

"आणि माझ्यासारखा कुणी हट्ट धरून बसला तर? पट्टा बांधल्याशिवाय जाऊच देणार नाही म्हणाला तर?"

मेकॅनिकने प्रश्नाचा मनापासून विचार केला. "सोळा वर्षांत तुम्ही पहिले भेटलात. पुढचा भेटेपर्यंत मी रिटायर होईन."

"मी बाजारातून नवा आणून देतो. माझ्याकडून."

"त्याच्यावर कंपनीचा नंबर नसतो. विनानंबराचा पट्टा असुरक्षित धरतात. तो घालून पडलो तर मीच दोषी."

"आणि न घालता पडलात तर?"

"तर अपघात."

मसुदे म्हणाले, "निदान मला एक वचन द्या. तो पट्टा तुम्ही कधी घालू नका. म्हणजे... घालाच, पण तो नको... म्हणजे उंचीवर जाताना..." एकतीस वर्षांत त्यांचे एकही वाक्य अर्धे राहिले नव्हते. हे राहिले.

"समजलं, काका," मेकॅनिक म्हणाला. "हट्ट करणारं कुणी भेटलं, तर काम सोडून निघून येईन. आणि दुकानातल्या बाकीच्या पाचजणांनाही सांगून ठेवतो, की तेवढा पट्टा विश्वासाचा नाही."

"ते ऐकतील?"

"तो बांधायचा नाही, एवढंच तर ऐकायचंय त्यांना."

मसुद्यांनी काचेखालून पत्र काढले. पट्टी लावली आणि 'होय'वर रेघ मारली. रेघ अगदी सरळ आली. त्यांनी सही केली, तारीख टाकली, पाकीट चिकटवले आणि मेकॅनिकबरोबरच ते खाली उतरले. फाटकाशी मेकॅनिकने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तो रस्ता ओलांडून निघून गेला.

टपालपेटी समोरच्या इमारतीच्या कोपऱ्यावर होती. तिच्यापाशी पोचल्यावर मसुद्यांनी मान वर केली. सात मजले. जवळजवळ प्रत्येक खिडकीखाली एक पांढरा डबा, नीट आडवा, चार बोल्टांवर. त्या प्रत्येक डब्यासाठी कुणीतरी तासभर हवेत उभे राहिले होते, आणि त्या तासात घरातले कुणी चहा टाकायला, कुणी फोन घ्यायला, कुणी वर्तमानपत्र शोधायला दुसऱ्या खोलीत गेले होते. त्यांतल्या एकाही घरी कधी पत्र आले नव्हते. तुमच्याही खिडकीबाहेर असा एक डबा असेल. तो बसवला त्या दिवशी आपण कोणत्या खोलीत होतो, हे तुम्ही आठवत बसण्याचे कारण नाही. ज्या अर्थी आपणांस पत्र आलेले नाही, त्या अर्थी आपल्याकडील काम सुरक्षितपणे पार पडले, असे समजण्यात येते.

मसुद्यांनी पाकिटाची कड एकदा बोटाने दाबून पाहिली आणि पत्र पेटीत टाकले.